चहाच्या झाकणाने चढलेला पारा

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भाचरं मजेत ना? इकडे तुमची थोरली भावजय अगदी ठणठणीत आहे. मी आपली आहे.

यंदा ऊन इतकं तापलंय की आमच्या शाळेने मैदानावरचा तास बंद केला, पाणी प्यायची वेगळी घंटा लावली आणि वर फर्मान काढलं की सकाळी ज्या वर्गात पारा सगळ्यात जास्त चढेल, त्या वर्गाने दुपारी वाचनालयात बसायचं. शाळेतला एकुलता एक कूलर तिथेच आहे हो! आता आमच्या दोघींच्या वर्गांवर पत्रे सारखेच, मधली भिंतही एकच, तरी रोज नंबर जाऊबाईंचाच. (घरातही वाऱ्याची खोली त्यांनाच मिळाली, पण तो विषय मी काढत नाही.) माझी पोरं घामाने निथळत पाढे म्हणतात आणि वाचनालयातून त्यांच्या पोरांची गाणी ऐकू येतात. माझा नुसता जळफळाट!

शेवटी परवा मी थर्मासचं झाकण, वाफाळत्या चहासकट, तापमापकाखाली, वह्यांच्या आड ठेवलं. पारा बघून मुख्याध्यापकांनाच घाम फुटला. त्यांनी माझा वर्ग तिथल्या तिथे रिकामा करून मुलं वाचनालयात धाडली, तीही जाऊबाईंच्या हाताखाली, आणि मला उभं केलं पाण्याच्या टाकीपाशी, मुलं पाणी पितात की नुसती उडवतात ते बघायला. जाऊबाईंनी खिडकीतून बजावलं, "सावलीत उभी राहा गं." म्हणून मी मुद्दाम उन्हात उभी राहिले. आणि धाडकन पडले.

डोळे उघडले तर मी व्हरांड्यात, पाय दप्तरांच्या ढिगावर, मानेवर ओला रुमाल, आणि जाऊबाई पदराने वारा घालतायत. साखरमिठाचं पाणी पाजलं, सगळ्यांना हटवलं आणि कानाशी म्हणाल्या, "झाकण माझ्या पर्समध्ये आहे. सरांना काही बोलू नकोस." मला रडूच आलं. (चहा मात्र त्यांनी पिऊन टाकला होता.)

मी पडल्यापासून सरांच्या हुकमाने दोन्ही वर्ग वाचनालयातच बसतात. सगळं छान चाललंय, काळजी नसावी.

तुमची धाकटी

ता. क. : कूलरसमोरची खुर्ची जाऊबाईंनी मला दिली आणि स्वतः उन्हाच्या खिडकीशी बसतात. चेहरा लालबुंद होतो, बघवत नाही हो. तुमच्या माळ्यावरचा टेबलफॅन त्यांच्यासाठी पाठवाल का? मी मागितला म्हणून सांगू नका.

पुन्हा ता. क. : मान फिरवणारा असेल तरच पाठवा. कूलर असला म्हणून काय झालं, पंखा एकट्या त्यांनाच का?