चेहरे उमटेनात

३ मार्च, सोमवार

ताइपेची नोकरी सोडून ताइनानला आले ते फार बरं केलं. लाय काकांचं संगणक-दुरुस्तीचं दुकान देवळामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर माझी खोली, खिडकीत भरपूर ऊन. काकांनी सकाळी स्वतः मासळीची पेज आणून दिली आणि म्हणाले, फान यी-जेन एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार, मी आपलं पोरीच म्हणेन. इथेही प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली आहे. हिरवीच हवी, मुदतीतली हवी, आणि कुणी खायची नाही. मग यंत्र गुण्यागोविंदाने चालतं म्हणे. ताइपेच्या ऑफिसातले साहेबलोकही हे पाळायचे, मी मनात हसायचे.

४ मार्च, मंगळवार

पहिलंच काम शाओ आजींचं. त्यांचे यजमान ज्या खेळात रात्रंदिवस रमायचे, तो खेळ आजींना पुढच्या बुधवारी, वर्षश्राद्धाला, पुन्हा बघायचा आहे. मूळ खेळयंत्र जळालं, म्हणून त्याची नक्कल करणारा एमुलेटर टाकायचा. तोही यजमानांच्याच पंचवीस वर्षं जुन्या संगणकावर. नवा संगणक घ्या म्हटलं तर आजी म्हणाल्या, उद्या नवा नवरा कर म्हणशील. 

खेळ सुरू होतो, पण चित्राचे नुसते हाल. लाल रंग अजिबात येत नाही. नायक सोडून कुणालाच चेहरा नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरी कातडी. पडद्यावर चित्र आणणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम सहा वेळा बदलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. जेवायलाही उठले नाही. शेवटी डोकं सटकलं आणि संगणकावरची पुडी फोडून खाऊन टाकली.

५ मार्च, बुधवार

काकांनी रिकामी पुडी पाहिली. ओरडले असते तर परवडलं असतं. ते हळूच म्हणाले, पोरी, ती त्या यंत्राची होती. हात जोडून माफी माग, नवी पुडी ठेव. मी इंजिनिअर आहे, डब्याची माफी मागणार नाही असं सांगितलं. 

ग्राफिक्स कार्ड पुसलं, पुन्हा बसवलं. चित्र तसंच. वैताग आला.

६ मार्च, गुरुवार

जमलं. रंगांची सेटिंग बत्तीसवरून सोळावर आणली आणि लाल झळकला. काकांनी खुशीत आलं-सोया घातलेले टोमॅटो मागवले. 

टोमॅटो राखाडी होते. देवळाचे कंदीलही राखाडी. डोळे शिणले असतील.

७ मार्च, शुक्रवार

अजून लाल दिसत नाही. डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. 

दुपारी डिस्क कोरी करून सगळं नव्याने टाकलं, वेगळा ड्रायव्हर घातला. चेहरे आले. पण एक सांधावं तर दुसरं उसवतं: आता नायकच गायब. त्याची फक्त सावली रस्त्याने चालते. 

काकांना सांगायला वळले. काकांना चेहरा नव्हता.

आवाज त्यांचाच होता. विचारत होते, काय गं, अशी काय बघतेस.

८ मार्च, शनिवार

रंगांची सेटिंग पुन्हा बत्तीसवर नेली. पडद्यावरचा लाल गेला. बाहेर कंदील लालभडक.

म्हणजे दोष जात नाही. तिथून निघतो आणि माझ्याकडे येतो.

नवी पुडी ठेवली. हात जोडले, माफी मागितली, रडलेही. काही उपयोग नाही. चेहऱ्यांसाठी तो जुना ड्रायव्हरच परत घालायला हवा, आणि तो डिस्क कोरी करताना मी माझ्या हाताने पुसला.

९ मार्च, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, किती वाळलीस, नीट खातेस ना. तिचं तोंड कुठे आहे तेच कळेना. मी फोन उलटा ठेवला आणि हो हो म्हणत राहिले. आईचा चेहरा मला परत हवा. बाकी काही नको.

१० मार्च, सोमवार

जुन्या बाजारात हिंडले. ड्रायव्हर नाही. 

आजी रोज फोन करतात, माझे यजमान दिसायला लागले का. नायकाला यजमानांनी स्वतःचंच नाव दिलं होतं म्हणे.

काकांना बजावलं, नायकाला हात लावू नका. त्यांनी कारण विचारलं. मी कुठल्या तोंडाने सांगणार — त्यांच्या पुडीला हसलेली मी. ते म्हणाले, तुझं अंग तापलंय, झोप जा.

११ मार्च, मंगळवार

ड्रायव्हर मिळाला. एका भंगारवाल्याकडे, फ्लॉपीवर. उद्या सकाळी घालते. आज उभं राहवत नाही — 

उद्या आई दिसेल.

१२ मार्च, बुधवार

खूप उशिरा जाग आली. खाली आजी मोठमोठ्याने रडतायत, हसतायत. 

काका जिन्यातून ओरडले, पोरी, झोप तू, मीच केलं नीट, बघ म्हातारा कसा ऐटीत चालतोय — 

वही घेऊन तशीच धावले. काकांच्या समोर उभी आहे. ते बिनचेहऱ्याचं डोकं माझ्यातून आरपार जिन्याकडे करून पुन्हा हाक मारतायत. मी ओरडतेय —

फरशीवर माझी सावली आहे. वर पाय नाहीत. 

अक्षरं उमटतायत, पण पेन धरलेला हा हात —