आडोशात ऐकू येतं ते

१९ ऑक्टोबर

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. घरी सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. माझंही ठीक चाललंय. थंडीच्या आधी सगळ्यांना कोटाच्या चेन बदलून हव्या असतात, त्यामुळे मशीनवरून उठायला होत नाही. वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलंय, ते रोज थोडं थोडं वाचते.

डोंगरावर ह्यांच्या नावाची पाटी बसवायचं तुमच्या गिर्यारोहण मंडळानं ठरवलं, आणि मजकूर तुम्ही लिहून पाठवलात. ‘आमचा मित्र वाऱ्याने नेला.’ मला पसंत आहे का विचारलंत. उत्तर शेवटी देते.

तुम्हाला बोलले नव्हते, पण मागच्या आठवड्यात मी तो डोंगर चढून आले. वाचनालयातल्या दोघी मैत्रिणी बरोबर होत्या, निवृत्त मास्तरीणबाई आणि दवाखान्यातली नर्स. सुट्टीत पायी फिरायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा, असा बेत मास्तरीणबाईंनी काढला. तो डोंगर वाटेतच येतो म्हटल्यावर दोघी कानकोंड्या झाल्या. “तू खाली थांब, आम्ही जाऊन येतो.” मी म्हटलं, “इतकी वर्षं खालीच थांबलेय.”

खिंडीतला वारा पुस्तकात वाचून कळत नाही. बोलायला तोंड उघडलं की तोच आधी आत शिरतो. मास्तरीणबाईंची टोपी गेली, तर म्हणतात कशा, “जाऊ दे, डोकं राहिलं ना.” तिथली झुडपं सगळी एकाच बाजूला वाकलेली आहेत, खिंडीकडून खालच्या दगडी आडोशाकडे. वारा वर्षानुवर्षं तसाच वाहत असणार. तुम्ही तर दरवर्षी जाता, पाहिली असतील.

तुमच्या मंडळाचा नियम आम्हीही पाळला. जो सगळ्यात मागे चालतो त्याच्या गळ्यात शिट्टी. तीन लांब शिट्ट्या वाजल्या की पुढच्यांनी मागे फिरायचं. ह्यांची शिट्टी मी नर्सच्या गळ्यात घातली होती.

मी आणि मास्तरीणबाई आधी आडोशात पोचलो. त्या भिंतीमागे किती शांत असतं हो. मास्तरीणबाईंचे गुडघे वाजले तेसुद्धा ऐकू आलं. नुकतं थर्मासचं झाकण उघडलं होतं, तेवढ्यात शिट्टी आली. एक, दोन, तीन. स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीत वाजावी तशी.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “अगं, ती बोलावतेय. ऊठ.” आणि चहा तसाच टाकून, गुडघ्यांना शिव्या देत त्या वर निघाल्यासुद्धा.

मी उठले नाही. उठताच आलं नाही.

नर्सच्या बुटाचा तळ निघाला होता, इतकंच. खिंडीत बसून ती वाजवत होती, ह्यांचा पाय मुरगळला आणि हे थंडीत अडकून राहिले तिथेच. तळ सुतळीनं बांधून दोघी खाली आल्या. मला बघून नर्स म्हणाली, “ही का अशी पांढरी पडली? बूट माझा फाटलाय.” मी तिला म्हटलं, पुन्हा वर जा आणि पुन्हा वाजव. का, ते तिनं विचारलं नाही. गेली, त्या फाटक्या बुटानिशी. शिट्टी पुन्हा तशीच ऐकू आली.

भाऊजी, त्या दिवशी बाकीचे पुढे उतरले होते. आडोशात तुम्ही एकटे ह्यांची वाट बघत थांबला होता, हे तुम्हीच सांगितलंत. माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणालात, “वहिनी, वारा असा होता की शिट्टी ऐकूच आली नाही.” ह्यांना शोधून आणणाऱ्यांनी सांगितलं होतं की शिट्टी दातांत घट्ट होती, काढायला त्रास पडला. तेव्हासुद्धा मी तुमचीच समजूत घातली. तुमचा काय दोष, म्हटलं.

आता म्हणाल, त्या दिवशी वारा जास्त होता. असेल. मग त्यानं शिट्टी आणखी जोरात तुमच्याकडे ढकलली असेल.

तुम्ही रविवारी यायचात. नळ दुरुस्त केलात, छप्पर शाकारून घेतलंत, उपकार नाहीत असं म्हणणार नाही. पण कुकरची शिट्टी झाली की तुम्ही उठून बाहेर गॅलरीत जायचात. मला वाटायचं, वाफेचा त्रास होतो. म्हणून तुम्ही यायच्या आत भात उरकून ठेवायची मी. तुम्हाला त्रास नको म्हणून.

का आला नाहीत, हे विचारणार नाही. थकला असाल, घाबरला असाल. घाबरलो म्हणाला असतात तर मी रडले असते आणि कदाचित माफही केलं असतं. पण तुम्ही मला वाऱ्याचा राग राग करायला लावलात. इतकी वर्षं मी खिडक्या लावून शिवत बसले. कपडे घरात वाळवले, कुबट वास आला तरी. परवा सगळ्या खिडक्या उघडल्या. पडदे उडून मशीनवर आले. बिचाऱ्या वाऱ्यानं काही केलं नव्हतं. तो तर निरोप पोचवत होता.

आता पाटीचं. मजकूर मला पसंत नाही. नवा मजकूर मी वरती आल्यावर सांगेन. होय, यंदा मी येणार आहे. तुम्ही दरवर्षी आडोशात सगळ्यांना बसवून, चहाचा कप हातात घेऊन त्या दिवसाची हकिगत सांगता म्हणे. यंदाही सांगा. वाऱ्यापर्यंत आलात की थांबा. मी खिंडीत असेन. शिट्टी माझ्याकडे आहे.

सगळ्यांना आधी सांगून ठेवा, ऐकू आली की फक्त हात वर करा. तुम्ही नाही केलात तरी चालेल. शेजारी बसलेल्या सगळ्यांचे हात वर जातील, ते तेवढे मोजा.

घरी सगळ्यांना नमस्कार सांगा. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या; नाही दिलंत तर मी आल्यावर तोंडी सांगेन.

तुम्हाला आजवर भाऊजी म्हणणारी,
तुमच्या मित्राची बायको