दाराखाली दिसलेल्या टाचा

आये, मला सध्या डोळे हलवून बरं करतायत. हसू नको. पालघरला मनाच्या दवाखान्यात एक बाई आहे, माझ्या सुनेच्या वयाची. ती समोर खुर्ची टाकून बसते आणि दोन बोटं माझ्या नाकासमोरून इकडून तिकडे नेते. मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बोटांच्या मागे जायचं, आणि त्याच वेळी जे सगळ्यात वाईट पाहिलं ते मनात धरायचं. पहिल्या दिवशी मी तिला सरळ म्हटलं, हात फिरवूनच उतरायचं असेल तर आमच्या पाड्यावरचा भगत काय वाईट, तो निदान कोंबडा तरी मागतो. ती रागावली नाही. म्हणाली, "काकी, भगत तुम्हाला सांगतो काय झालं ते. इथे तुम्ही मला सांगायचं."

सगळ्यात वाईट ते तू गेल्यानंतरचं आहे, म्हणून तुला सांगायला हवं. मी तारापूरला एमआयडीसीत पॅकिंगला होते. एक दिवस शेडमध्ये ड्रम पेटला. पुढच्या दाराशी आग, म्हणून आम्ही बायका मागच्या दाराला धावलो, तर त्याला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो म्हणून घालायचे. मी सगळ्यांच्या पुढे, बाकीच्या माझ्या पाठीवर, माझं तोंड पत्र्याला चेपलेलं. बिहारची एक बाई माझ्या कानात ओरडतेय, "ताला तोडो, कोई ताला तोडो," आणि धूर असा की डोळे उघडे का मिटलेले कळत नाही. बाहेरून कुणीतरी कुलूप फोडलं. सगळ्या वाचलो. लोक म्हणाले देवाची कृपा, मीही म्हटलं, आणि घरी येऊन संडासात गेले तर कडी लावता येईना.

तेव्हापासून मी दार लावत नाही. मोरीत गेले की मोठ्याने गाणं म्हणते, म्हणजे कुणी आत येऊ नये. मुलगा म्हणतो, आख्ख्या चाळीला तुझी आंघोळ कळते. रिक्षात कडेला बसते, लग्नाच्या हॉलमध्ये दाराशी. कामावर परत गेले तर गेटातून आत पाय उचलेना. सुपरवायझर म्हणाला, मावशी, आजच्या दिवस घरी जा. तो आजचा दिवस अजून चालूच आहे. शेवटी सुनेनेच मला त्या बाईकडे ओढत नेलं.

तर बोटं फिरतात, थांबतात, ती विचारते, आता काय येतंय. मी म्हणायचे, काय येणार, बोईसरची एस्टी? पण एकदा धुराचा वास गेला आणि गवताचा आला. सुक्या गवताचा, नाकात कुसळ जातं तसा. मी दारालाच चिकटलेली आहे, पण ते दार पत्र्याचं नाही, लाकडाचं आहे. वखारीतलं.

तुला आठवत असेल. तू वखारीत गवताच्या गासड्या बांधायला होतीस, मी चौथीत. शाळा सुटली की तिथेच यायचे. मुकादम आम्हा पोरींना गवताच्या मोठ्या काट्यावर बसवायचा, काखेत हात घालून उचलायचा, वजन सांगायचा आणि लिमलेटची गोळी द्यायचा. मला उचलायला जास्त वेळ लावायचा. मला वाटायचं मी लाडकी. एक दिवस तू गासडी तशीच टाकून आलीस, मला दंडाला धरून खाली ओढलंस आणि सगळ्यांसमोर कानाखाली मारलीस. "परत हितं चडलीस त तंगडी तोडीन." मग दोरखंडांच्या खोलीत ढकललंस आणि बाहेरून कडी. मी दार बडवलं, घसा बसला, तू हूं का चूं केलं नाहीस. संध्याकाळी काढलंस. दुसऱ्या दिवसापासून वखारीचं काम सोडलंस आणि माझी शाळाही बंद. विचारलं तर म्हणायचीस, पोरीच्या जातीला किती शिकवायचं. शाळेचा रस्ता वखारीवरून जायचा, हे मला आत्ता सांगताना सुचतंय.

पण तेव्हापासून मी ते धरून ठेवलं. बँकेत कागद भरायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं की मी मनात तुला शिव्या घालायचे. तुझ्या बाराव्याला माझी जाऊ म्हणाली, तू रडत नाहीस? मी म्हटलं, कोंडून घालणाऱ्या बाईसाठी काय रडू.

आता ऐक. बोटं फिरतायत. मी त्या खोलीत रडून रडून खाली पडलेय, गाल जमिनीला. दाराखाली फट आहे, फटीत उजेड, आणि उजेडात तुझे पाय. भेगाळलेले, भेगांत गवताचा भुसा. बाई विचारते, काय दिसतंय. मी म्हणते, आईचे पाय. ती म्हणते, बघत राहा. आणि मला दिसतं की त्या टाचा आहेत. बोटं नाहीत, टाचा. तू दाराकडे तोंड करून उभी नव्हतीस. दाराला पाठ लावून उभी होतीस, बाहेर बघत. मग पलीकडून चपला घातलेले दुसरे पाय येतात, तुझ्यासमोर थांबतात, परत जातात. आख्ख्या वखारीत चपला मुकादमच घालायचा.

मी हात वर केला, ती थांबली. पाणी दिलं. बाहेर सून बसली होती, म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, भूक लागली. वडापाव खाल्ला. बोईसर येईपर्यंत डोक्यात एकच. हे मी तेव्हा पाहिलेलं, का त्या बोटांनी आत्ता रचलं? पुढच्या खेपेला मी बाईला आडून विचारलं, असं डोळे फिरवताना माणसाला खोटंही दिसतं का. ती म्हणाली, "दिसू शकतं, काकी. जे येतं ते तसंच घडलं होतं, असं मी नाही सांगू शकत." प्रामाणिक आहे, पण माझ्या काय कामाची? मुकादम मेला, वखारीच्या जागी बिल्डिंग झाली, आणि तू जिवंत असतानाच बोलत नव्हतीस.

एवढंच सांगायचं होतंस गं, की मुकादम वाईट हाय. चौथीतल्या पोरीला कळलं असतं. का नाय बोललीस? इतकी वर्षं राग धरून मी उभी होते. आता तो धरवत नाही आणि टाकवतही नाही. टाचा खऱ्या असतील तर तू सगळी दुपार तिथे उभी होतीस, आणि मी आतून तुझ्याच पाठीवर बडवत होते. खोट्या असतील तर मला कोंडणारी आईच होती, आणि मी म्हातारपणी तिच्यासाठी गोष्ट रचली. कुठल्या बाजूने निघू ते कळत नाही.

आगीचं चित्र फिकं झालंय, हे मात्र खरं. आता मी दार लोटून तरी घेते. बाई विचारते, त्या खोलीत परत जाऊन बघायचं का, तुमची इच्छा असेल तरच. सून म्हणते, जा. पण परत गेले आणि या वेळी फटीत कुणीच नसलं तर?

म्हणून मी काल बाईला फोन केला आणि सांगितलं की मी बरी झाले.