आजाऱ्यापेक्षा खाली बसायचं

शनिवार संध्याकाळ, मुलुंड

शब्बाथचा विसाव्याचा दिवस सुटला, आता लिहायला हरकत नाही. आणि आज लिहायलाच हवं!

समोरचे सावंतकाका ऑपरेशन झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. डॉक्टरांनी बजावलंय, उठून बसले नाहीत तर कायमचं अंथरूण धरतील. येणारा प्रत्येकजण उशाशी उभा राहून त्यांना उपदेश करतो. मीही तेच करणार होते, पण बाबांचं आठवलं. आपल्या ज्यू धर्मात, ते सांगायचे, आजाऱ्याला भेटताना त्याच्यापेक्षा खाली बसायचं. मग बसले फरशीवर. मनात म्हटलं, नुसतं बसून ही कसली मदत?

निघताना गुडघे धरले. उठताच येईना! काकू स्वयंपाकघरात. पलंगाला धरून माझी धडपड चाललेली, तेवढ्यात काका वळले. "अगो बाये, धर माझो हात!" आणि हात द्यायला चक्क उठून बसले. स्वतःचे स्वतः!

दारात काकूंच्या हातातला चहा सांडला. मग तिघंही हसत सुटलो.

"उद्या खुर्चीवर बस गो," काका म्हणाले.

छे! उद्याही फरशीवरच. गुडघे गेले खड्ड्यात!