पेठच्या दोन एकरांचं संमतीपत्र

आण्णा, मंचरच्या बँकेत फॉर्म वाचायला तुम्ही मला नेलंत तेव्हा मी सातवीत होते. पेठ गावात दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबत होतात आणि तुम्हाला पाण्याची मोटर हवी होती. साहेबांनी सातबारा मागितला. तुम्ही म्हणालात, "जमीन मालकाची हाय, पर चौदा वर्सं मीच कसतोय. इचारा कुणालाबी." साहेब म्हणाले, "मग मालकाचं संमतीपत्र आणा." आपण तसेच मालकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, मला पेन दिलं आणि हसून म्हणाले, "कागद कशाला राव? घरचंच हाय की." वाटेत मी त्यांना लबाड म्हटलं तर तुम्ही मलाच झापलंत, "मालकाला नावं ठिवायची न्हाईत." कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की उद्या तो हक्क सांगेल, ही त्यांची भीती. पुढच्या हंगामात ते रान दुसऱ्या वाटेकऱ्याला गेलं.

मालकांच्या सातबाऱ्यावर मात्र मोटर आली, मग द्राक्षं, मग मंचरात गाळे. तुमचे हात काय कमी चालत होते? मला अजून राग येतो. आज जुन्नरच्या बँकेत मी कर्जाच्या फायली तपासते आणि रोज तेच पाहते. कागदवाला पुढे सरकतो, कसणारा तिथेच राहतो.

आणि आता ऐका. सासरचा सातबारा होता म्हणून मी कायद्याने शेतकरी ठरले आणि मला शेती घेता आली. नुसती तुमची लेक म्हणून मिळाली नसती. पेठेतलेच दोन एकर, आणि तेही मी वाट्यानेच दिले आहेत. गेल्या आठवड्यात आमचा वाटेकरी बायकोला घेऊन दारात आला. "म्याडम, ठिबक बसवायचं व्हतं. बँकेला तुमची सही लागतीया." मी चहा ठेवला आणि म्हणाले, "अहो, कागद कशाला? घरचंच आहे की." ते दोघं मान हलवून उठले. कप विसळताना मला माझाच आवाज ऐकू आला.

आज सकाळी मी पेठेत गेले. निघताना हे म्हणाले, "उद्या नडला तर?" म्हटलं, "नडू दे, सही होणार." वाटेकऱ्याच्या ओट्यावर बसून संमतीपत्राचा फॉर्म भरला. मुदत संपली की पुन्हा भरणार, बँकेतही असे फॉर्म अडवू देणार नाही. तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे टाकणार, माझ्या फायलीतच राहील. पण एक सांगते. मुदतीच्या रकान्यात त्याने भीत भीत एकच वर्ष लिहिलं होतं. ते खोडून मी पाच केलं, आण्णा. पण आधी ते एक बघून मला हायसं वाटलं होतं.