माळावर लावलेली झाडं

अप्पा, तुमच्या माळावर आता सोलर प्लँट आहे आणि तो मी बांधलाय. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचाराल, "मुद्द्याचं बोल." बेंगळुरूबाहेर, आनेकलच्या पुढं, जिथं तुम्ही आईला आणि मला रविवारी स्कूटरवर कोंबून न्यायचात, तिथं निळ्या काचांच्या रांगा आहेत, भोवती तारेचं कुंपण आहे आणि दारावरचा वॉचमन मला सलाम ठोकतो. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. अप्पांचंच काम पुढं नेतेय, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटंही नाही.

तुम्ही सरकारी कारखान्यात सोलर पॅनेल बनवायचात, तेव्हा नातेवाइकांना ते आरशाचं काहीतरी काम वाटायचं. राजाजीनगरच्या गच्चीवर तुमची ती काळी सूर्यचूल. सकाळी डाळ ठेवायची आणि दुपारपर्यंत आकाशाकडं बघत बसायचं. ढग आला की आई जिन्यातून ओरडणार, "अहो, तुमचा सूर्य रजेवर गेला! मी गॅस पेटवू का?" आणि तुम्ही वरून, "स्वल्प थांब गं, येतोय." किती अर्धी कच्ची डाळ खाल्ली आम्ही त्यापायी, देव जाणे. पण कोळशाच्या धुराबद्दल तुम्ही बोलायला लागलात की आईसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकायची.

तुमचं दुसरं वेड म्हणजे तो माळ. झाड नाही, सावली नाही, नुसतं गुडघ्याएवढं गवत आणि खडे. तुम्ही पालथे पडून माळटिटव्या बघणार, चोचीच्या बुडाशी पिवळी झालर असलेल्या. आई म्हणायची, "टिटवी ओरडली की अशुभ म्हणतात लोक, आणि हा माणूस बायकोला टिटव्या दाखवायला आणतो!" म्हणायची आणि तुमच्याआधी तिलाच दिसायच्या. एकदा मी पळत जाऊन चटई भिरकावली. तुम्ही माझा दंड असा धरलात की वळ उठला. "आधी खाली बघ! इथं रिकामं काही नसतं." चटईच्या काठापाशी खड्यांसारखी अंडी होती, उघड्यावर, जमिनीलाच लागून. तुम्ही मला कधी ओरडत नव्हतात, म्हणून मी भोकाड पसरलं. मग आईनं पोळी-चटणी भरवली आणि तुम्ही बोट धरून लांबून घरट्याभोवती फिरवून आणलंत.

आमच्या कंपनीच्या लोकांनी प्लँटसाठी जागेची पाहणी केली ती भर उन्हाळ्यात. गवत वाळलेलं, सगळं तांबडं-पिवळं. "जमीन खाली पडी है, मॅडम," एवढंच मला कळवलं. मी भांडले, अप्पा. शेजारीच कारखान्यांची पत्र्याची छपरं आहेत, त्यांच्यावर मांडू म्हटलं. माझे साहेब पुण्याचे, माणूस वाईट नाही. म्हणाले, "अगं, छपरांचे मालक ढीगभर, माळाचा एक. तूच सांग, मी कुणाच्या पाया पडू?" बेंगळुरूचा उन्हाळा आता तुम्ही सोसलेला उन्हाळा राहिला नाही. कोळसा जाळायचा नसेल तर काचा कुठंतरी मांडाव्याच लागणार, हे तुमचंच बोलणं. शेवटी मी हट्टाला पेटले: पूर्वेकडचा उताराचा पट्टा सोडा, त्याला हात लावू नका, आहे तसा राहू दे. महिनाभर तोंड फुगवून बसले, तेव्हा साहेब म्हणाले, "बरं बाई, घे तुझा पट्टा."

त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं, अप्पांचा माळ वाचवला, थोडा तरी वाचवला. तिनं शिरा केला. वाटी तुमच्या फोटोपुढं ठेवून म्हणाली, "बघा, पोरीनं राखला." गुडघ्यांनी ती जिना उतरत नाही आता, पण त्या संध्याकाळी तिनं मला तुमच्या वेळच्या माळाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, मी तिथं नव्हतेच जणू. पुढच्या उन्हाळ्यात टिटव्या त्या पट्ट्यातच बसल्या. मी लांबून बघून आले आणि तिला सांगितलं. ती किती हसली, अप्पा!

मग मागच्या वर्षी पर्यावरण दिन आला. ऑफिसातले सगळे बसनं आले, हिरव्या टोप्या घालून, मुलाबाळांना घेऊन. मी पोचले तर पट्टा उकरलेला. जेसीबीनं खड्डे काढून ठेवलेले, गवतावर तांबड्या मातीचे ढिगारे, एका बाजूला लॉनच्या गुंडाळ्या. गुलमोहर, करंज, आणखी कसली कसली रोपं. साहेब हसत पुढं आले, "तुझ्यासाठीच सरप्राइज ठेवलं होतं. एवढी भांडलीस जागेसाठी, म्हटलं नुसती उजाड कशाला ठेवायची?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच तर दुखतं. आपल्या लोकांना मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात, झाड लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "माळाला झाड नको असतं हो, गवत हवं असतं." साहेब इतरांना म्हणाले, "मॅडम आज फार भावुक झाल्यात." झाड लावू नका म्हणणारी बाई कुणी बघितलीय का कधी? डोक्यावर टिटव्यांची जोडी जीव खाऊन ओरडत घिरट्या घालत होती. अकाउंट्समधली एक मुलगी वर बघून म्हणाली, "अय्यो, किती गोड! पक्षीसुद्धा आले बघायला!" मी रोप हातात धरून तशीच उभी होते. शेवटी कुणीतरी ते माझ्या हातातून घेऊन लावलं.

परतताना आनेकलच्या बस स्टँडपाशी गाडी बाजूला घेतली आणि ऊर फुटेस्तोवर रडले. मला तुमचा राग आला, अप्पा. अजून येतो. ऊनही तुम्हीच शिकवलंत, माळही तुम्हीच शिकवलात, आणि दोघं एकाच जमिनीवर आले तर काय करायचं ते न सांगता निघून गेलात. प्लँट छान चालतो. सकाळी ऊन चढलं की स्क्रीनवरचा आकडा चढत जातो आणि मला आनंद होतो, खरा आनंद. तुम्ही तिथं असतात तर डोळे पुसले असतेत, मला माहीत आहे. पण कशासाठी पुसले असतेत, ते काही केल्या ठरवता येत नाही. झाडं जोमानं वाढतायत. त्यांच्यावर, त्यांच्या आधाराच्या बांबूंवर कावळे बसतात, घार बसते. कावळा डोक्यावर बसला असताना टिटवी जमिनीवर अंडी कशी घालणार? या उन्हाळ्यात एकही आली नाही. चारदा जाऊन आले मी.

आई विचारते, "आल्या का गं यंदा?" मी म्हणते, आल्या. आता तिनं घेतलंय मनावर, तुमच्या तिथीला तिथं जायचं. "गाडीतून ने, खुर्ची टाक, लांबूनच बघीन. सरी?" मी सरी, नेते म्हणून बसलेय. तिथी येत्या रविवारी आहे.

एक कबूल करते. हे पत्र तुमच्यासाठी नाहीच. तिला कसं सांगायचं ते मला जमत नाहीये, म्हणून तुमच्यावर सराव करतेय. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुमचा चेहरा बघावा लागत नाही. एवढं लिहूनही पहिलं वाक्य सापडलेलं नाही. आत्ताच तिनं आतून हाक मारली, "कुणाला लिहितेस गं एवढं?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे.