दाजींची खुर्ची

दाजी,

दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत काल शाळेच्या मागच्या वर्गापर्यंत पोचलो. दाराशी चहा ओतणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोण हवंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे दाजी पितात हो, त्यांना शोधतोय."

खोकल्याचं औषधसुद्धा ज्यांना चढतं, ते तुम्ही!

बाई म्हणाल्या, "ते येईपर्यंत त्यांच्या खुर्चीवर बसा. मीही पहिल्यांदा जावेलाच शोधत आले होते."

आतले सगळे खो खो हसले. मलाही हसू फुटलं, अन् छातीवरचा धोंडा उतरला. माझी बोलायची पाळी आल्यावर म्हणालो, "दाजी पीत नाहीत. पितो तो मी."

हे पत्र टाकणार नाही. मी तुम्हाला बेवडा ठरवलं हे ताईला कळलं, तर ती उंबऱ्यात उभं करणार नाही; आणि आत्ता कुठे मी तुमच्याकडे येण्यासारखा होतोय.

तुमचा,
खुर्ची अडवून बसलेला मेहुणा